सुस्काऱ्यानंतरचे घास

तो सुस्कारा मी कापायलाच निघाले होते. कानांवर हेडफोन, बोट कळीवर, समोरच्या पडद्यावर आवाजाची लांबलचक रेघ आणि तिच्यावर एक छोटा उंचवटा. असे उंचवटे मला न ऐकताही ओळखू येतात. इतकी वर्षं रेडिओसाठी लोकांची बोलणी कापतेय, एवढं तर यायलाच हवं. खोकला वेगळा दिसतो, खुर्चीची करकर वेगळी, ओठ चाटल्याचा आवाज वेगळा, आणि सुस्कारा हळूच चढतो नि मग लांबवर उतरत जातो. बोलता बोलता आपण किती सुस्कारे टाकतो हे कुणाला ऐकवलं तर त्याचा विश्वास बसणार नाही. मी ऐकवत नाही, काढून टाकते. ऑफिसात सगळे मला ‘कात्री’ म्हणतात ते उगीच नाही, आणि मला ते आवडतंही. त्या दुपारी पडद्यावर एक म्हातारा मधमाश्या पाळणारा होता. बोलणं झकास, पण गडी दमेकरी, दर दोन वाक्यांमागे छातीतून शिट्टी. त्याच्या शिट्ट्या वेचता वेचता मी याही सुस्काऱ्यापाशी आले, तो निवडला, कळ दाबणार तेवढ्यात हात थांबला. याच्यात शिट्टी नव्हती. जरा मागे जाऊन पुन्हा ऐकलं. काचेच्या डब्याला चमचा लागल्याचा आवाज, चावणं, गिळणं, मग तो सुस्कारा, खोल आणि अगदी निवांत, आणि मग पुन्हा चमचा. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. म्हाताऱ्याच्या बोलण्याला जोडायची माझी निवेदनाची वाक्यं मी जेवणाआधी याच माइकवर रेकॉर्ड केली होती, रेकॉर्डिंग बंद करायला विसरले होते आणि तिथेच टेबलावर डबा उघडून बसले होते. सुस्कारा माझा होता.

स्वतःला जेवताना ऐकणं ही काही फारशी सुखाची गोष्ट नाही. दुसऱ्या कुणाचं असतं तर मी नाक मुरडून एका फटक्यात उडवलं असतं. पण मी ऐकत राहिले, कारण पुढे काय झालं ते मला ठाऊक होतं आणि ते कसं ऐकू येतं ते पाहायचं होतं. सुस्काऱ्यानंतर चमचा वाजला, पुन्हा वाजला, आणखी काही वेळा वाजला. प्रत्येक घासामागे गिळणं जरा जड होत गेलं. मग काहीच नाही. मग खुर्ची मागे सरकली, पावलं, दार. पुढचं माइकला ऐकू आलं नव्हतं, पण मला पाठ होतं. बाथरूमच्या भिंतीवर एक हात टेकून मी उभी, छातीच्या हाडाखाली कुणीतरी मूठ आवळून धरलेली, तोंडाला पाणी सुटलेलं, आणि मनात एकच, की आता हे वर येणार की खाली जाणार. त्या दिवशी वर आलं. गेले काही महिने असं अधूनमधून होत होतं, आणि गंमत म्हणजे मी काही अधाशासारखी ताव मारत नव्हते. डब्यात मोजून दिलेलं खात होते, सावकाश, नीट चावून, सांगितलं होतं तस्सं.

माझं पोट कापून लहान केलंय. सगळ्यांना माहीत आहे, मी लपवत नाही. लपवायचं म्हटलं तरी निम्मी झालेली बाई कुठे लपणार. आता आत उरलंय ते एका लहान केळ्याएवढं, असं डॉक्टरांनी हाताने दाखवलं होतं. शस्त्रक्रिया उत्तम झाली, वजन उतरलं, गुडघे बोलायचे थांबले, जिना चढताना मधल्या मजल्यावर सूचनाफलक वाचायचं नाटक करावं लागेना. त्या सगळ्याचा मला आनंद होता आणि आहे. घोडं अडलं होतं ते एकाच गोष्टीवर. दवाखान्यातल्या आहाराच्या बाई, वयाने माझ्याहून लहान, बोलायला गोड पण शिस्तीला कडक, त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं, “मापं फक्त सुरुवातीला. पुढे तुमचं पोटच सांगेल, बस झालं म्हणून. प्रत्येकाची खूण वेगळी असते हं. कुणाला एक उचकी लागते, कुणाचं नाक वाहतं, कुणाला शिंक येते. तुमची तुम्ही शोधायची.” मी शोधली. घास घेऊन वाट पाहिली, नाकाला हात लावून पाहिला, उचकी येते का म्हणून श्वास धरून बसले. काही नाही. येई ते एकदम दुखणंच. “दुखणं म्हणजे खूण नाही,” बाई म्हणाल्या, “दुखतं तेव्हा उशीर झालेला असतो.” मागच्या भेटीला त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, तेव्हाच मी ओळखलं की आता काहीतरी नकोसं येणार. म्हणाल्या, उलट्या अशाच चालू राहिल्या तर नळी घालून आत पाहावं लागेल. आणि रोज सीमेच्या पलीकडे जात राहिलात तर ते एवढंसं पोटही हळूहळू ताणतं, मग सगळं मूळपदावर. “तुम्ही त्याला बोलू देता का?” त्यांनी विचारलं. मला राग आला. ज्या बाईचं पोट ऐकण्यावर चालतं तिला विचारतेय, ऐकता का.

राग आला तो भीतीमुळे, हे घरी येईपर्यंत कळलं होतं. इतरांना जन्मतः मिळालेली कुठलीतरी घंटा माझ्यात बसवायचीच राहून गेली असावी, असं मला लहानपणापासून वाटत आलंय. बरोबरीच्या मुली अर्धा पाव बाजूला ठेवून “पुरे” म्हणायच्या तेव्हा मी त्यांच्याकडे थक्क होऊन बघायचे. यांना कसं कळलं? माझ्यापुरता हिशेब सोपा होता, भांडं रिकामं झालं की जेवण झालं. भरलेपण पोटात नसायचं, भांड्याच्या तळाशी असायचं. सर्जनने पोट कापलं, पण घंटा शिवून द्यायची सोय त्यांच्याकडेही नाही. म्हणजे मग जन्मभर कुणीतरी मला मोजून घालायचं आणि मी तळ दिसेपर्यंत खायचं. लहान भांडं, एवढाच काय तो फरक. मला ते नको होतं. कपडे नवीन शिवले होते, चाल बदलली होती, आणि जेवायच्या वेळी मात्र मी कुणाच्या तरी हातातलं मूल. ते सोसवत नव्हतं.

मोजणारा माझा नवरा. औषधाचं दुकान चालवतो, पावडरी तोलण्यात जन्म गेलाय, आणि माझी शस्त्रक्रिया झाल्यापासून दुकानातला जुना काटा आमच्या ओट्यावर आलाय. सकाळी तो माझा डबा भरतो. मासा तोलून, अंडं तोलून, भात तर चमच्याच्या टोकाने एकेक शीत कमीजास्त करत. त्याचं चुकतंय असं मी कधीच म्हणणार नाही. दवाखान्यातून आणलं तेव्हा सूपसुद्धा त्यानेच चमच्याने पाजलं, आणि त्या काळात तो एकदाही चिडला नाही; चिडायला मीच पुरेशी होते. पण मी जेवताना तो माझ्या ताटलीकडे डोळ्यांत तेल घालून बघतो आणि त्याचं स्वतःचं ताट गार होतं. आणि त्याचा काटा कितीही खरा असला तरी तो माझ्या पोटात बसलेला नाही. झोप नीट झाली नाही, काम अंगावर आलं, पाणी कमी प्यायलं, की त्या दिवशी पोट वेगळं असतं. तेच माप एके दिवशी पुरतं, एके दिवशी जास्त होतं. ज्या दिवशी जास्त होतं त्या दिवशीही मी संपवायचे, कारण मोजलेलं म्हणजे बरोबरच असणार, आणि कारण डब्यात काही उरलेलं मला बघवतच नाही.

हे सगळं त्या दुपारी हेडफोन लावून बसल्या बसल्या मनात येत होतं, आणि बोट पुन्हा पुन्हा त्याच जागेवर जाऊन तोच सुस्कारा वाजवत होतं. वाजवता वाजवता मला आईचं स्वयंपाकघर दिसायला लागलं. बाबा गेले तेव्हा मी शाळेत होते. त्यानंतर कितीतरी दिवस आमच्या जेवणात कुणी बोलत नसे. टेबलाशी तिघी, म्हणजे आई, मी आणि आजी, आणि भिंतीशी बाबांची खुर्ची, जी कुणी हलवली नाही आणि कुणी तिच्यावर बसलंही नाही. त्या शांततेत कुणी सुस्कारा टाकला की आईचा हात आपोआप पळीकडे जायचा. “उसासे कसले टाकतेस बाळा? घे, थोडं घे अजून,” असं म्हणत ती वाढायची. तिच्या लेखी घरात पडणारा प्रत्येक सुस्कारा बाबांसाठी होता आणि त्यावर तिच्याकडे एकच औषध होतं. त्यात आजीचे सुस्कारे खरोखर बाबांसाठीच असायचे, त्यामुळे आईला शंका यायचं कारण नव्हतं. आजी वाढलेलं तसंच ठेवायची. मी खायचे. मला बाबांची आठवण यायची, खूप यायची, वर्गात, रस्त्यात, पावसात भिजलेली छत्री उघडी करून ठेवताना. पण जेवताना नाही यायची. जेवताना मी सुखात असायचे. गरम भात, वर दही, पोट छान भरलेलं, आणि आतून आपोआप एक श्वास बाहेर पडायचा, झालं म्हणून. आणि त्यावर एक पळी भात.

माझी खूण होती. पहिल्यापासून होती की शस्त्रक्रियेनंतर आली हे मला छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही, पण पहिल्यापासूनच असावी, आणि ती आली की लगेच तिच्यावर वाढलं जायचं. पुढे वाढायला आई लागलीच नाही, मीच वाढून घ्यायला शिकले. सुस्कारा निघाला की काहीतरी कमी पडतंय असं वाटायचं, हात पुढे व्हायचा. लग्नानंतर पहिल्यांदा नवरा आईकडे जेवला तेव्हा त्याने हे पाहिलं आणि उचललंही. आमच्या घरात मी सुस्कारा टाकला की तो केकचा तुकडा पुढे सरकवायचा, “घे, बरं वाटेल.” दोन प्रेमळ माणसांनी मिळून माझं पोट भरल्याची बातमी इतकी वर्षं दाबून ठेवली होती, आणि आम्हा तिघांपैकी कुणालाही त्याचा पत्ता नव्हता. आधी मला हसू फुटलं. मग रडू आलं, आणि तेही मी थांबवलं नाही. म्हाताऱ्याच्या मधमाश्या तशाच पडद्यावर थांबून राहिल्या.

दुसऱ्या दिवसापासून मी जाणूनबुजून माइक उघडा ठेवून जेवायला लागले. एकदा आमचा निर्माता आत डोकावला, लाल दिवा पाहिला, माझ्या तोंडातला घास पाहिला, आणि म्हणाला, “काय कात्री, चावण्याचा कार्यक्रम काढतेयस का? सकाळच्या बातम्यांनंतर लावू या, लोक रेडिओ फेकून देतील.” मी म्हटलं, “तुझ्या मुलाखतींपेक्षा बरा चालेल.” तो हसत गेला. जेवून झाल्यावर मी ऐकायचे. सुस्कारा रोज होता. एके दिवशी लवकर, एके दिवशी उशिरा, पण होता, आणि ज्या दिवशी त्यानंतर जास्त चमचे वाजले त्या दिवशी ती मूठ आवळली गेली होती. मुद्दाम सुस्कारा टाकून पाहिला, तर पडद्यावर तो वेगळाच दिसला, टोकदार, नाटकी, माझ्या तोंडावर फेकल्यासारखा. खरा असा बोलावून येत नाही. मग मी हेडफोन नंतर घालायचं सोडून दिलं आणि जेवतानाच कान द्यायला लागले. कान देणं मला येतं. बोलणाऱ्याचं वाक्य संपत आलंय हे त्याच्या आधी मला कळतं, तिथे माझा हात कधी चुकत नाही. फक्त तो कान मी आजवर काचेपलीकडच्या माणसाकडेच लावला होता, खुर्चीतल्या या बाईकडे नाही.

आणि मग तो दिवस. डब्यात मासा होता, थोडा भात, वाफवलेलं गाजर. हळूहळू खात होते. मासा संपला, गाजर बरंचसं झालं, आणि आला. मी ऐकला. छाती थोडी वर झाली, खांदे सैल पडले, आणि श्वास लांबवर गेला. चमच्यात भात होता. तो मी पुन्हा डब्यात ठेवला. एवढं करायला किती जिवावर आलं ते ज्याने कधी ताट चाटून पुसून स्वच्छ केलंच नाही त्याला नाही कळायचं. मग मी बसून राहिले, मुठीची वाट पाहत. ती आली नाही. वाट पाहिली, आली नाही. तोंडाला पाणी सुटलं नाही, पाठीत कळ नाही, काही म्हणजे काही नाही. पोटात एक ऊब होती आणि ती आपल्या जागी होती. आजवर मला वाटत होतं, भरलेपण म्हणजे काहीतरी घडणं, जड होणं, टच्च होणं, पट्टा सैल करावा लागणं. हे तर काही न घडणं होतं. इतकं साधं होतं की मला मोठ्याने कुणाला तरी सांगावंसं वाटलं, पण सांगणार कोणाला आणि काय, की मी भात उरवला? डब्याला झाकण लावलं आणि मधमाश्यांकडे वळले. त्या दुपारी मी फार चांगलं काम केलं.

सगळंच सुरळीत झालं असं मात्र नाही. आठवड्याभरातच आमच्या एका निवेदिकेच्या निरोपाचं जेवण होतं. सगळे जुने किस्से निघाले, मीही माझे काढले, हसून हसून डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या हसण्याच्या गदारोळात तो कधी येऊन गेला कळलंच नाही. तो काही ओरडत नाही, रांग तोडून पुढे येत नाही. मला समजलं तेव्हा मी पुन्हा बाथरूमच्या भिंतीला हात टेकून उभी होते. पण या खेपेला घाबरले नाही. मला ठाऊक होतं की घंटा आहे, मी ऐकली नाही, बस्स. चूळ भरून परत आले, उरलेल्या गप्पा ताटाशिवाय मारल्या, आणि ठरवलं की जेवताना बोलायचं नाही, बोलायचं तेव्हा चमचा खाली. आता लोक मला जेवताना माणूसघाणी म्हणतात. म्हणू देत.

घरी सांगायला मला थोडे दिवस लागले. रात्रीचं जेवण, नवऱ्याने तोलून वाढलेली ताटली, त्याची नजर. सुस्कारा आला आणि मी चमचा ठेवला. तो लगेच म्हणाला, “काय झालं?”

“काही नाही. झालं माझं.”

“झालं कसं? अंडं तसंच आहे की. चिडलीस का कशावर?”

“नाही रे.”

“मग उसासा का टाकलास? माझं काही चुकलं का? सकाळी मी ते विजेच्या बिलाचं बोललो ते—”

“अरे, भरलं म्हणून टाकला.”

त्याने काट्याकडे पाहिलं, मग अंड्याकडे, मग माझ्याकडे. मी त्याला सगळं सांगितलं, रेकॉर्डिंग, भात, आई, केकचे तुकडे. केकचं ऐकल्यावर त्याचा चेहरा उतरला. “म्हणजे मीच तुला...” तो म्हणाला. मी म्हटलं, “आपण सगळ्यांनीच.” तो बराच वेळ अंड्याचा तुकडा काट्यावर ठेवून त्याचं वजन बघत बसला, जसं काही त्यात अजून काही सापडणार होतं. मग विचारलं, अगदी खऱ्या काळजीने, “पण उद्या तुला ऐकू नाही आला तर?” मी म्हटलं, “तर दुखेल. परवा ऐकेन.” “मग मी आता काय करू?” हे त्याने इतक्या केविलवाण्या आवाजात विचारलं की मला त्याची दया आली आणि मनापासून प्रेमही वाटलं. म्हटलं, “तू तुझं गरम गरम जेव. कधीपासून जेवला नाहीयेस.” त्याने खरंच ताट पुढे ओढलं. ते तोवर गारच झालं होतं, पण त्याने ते गरम करून आणलं, आणि माझ्याकडे पाठ करून नव्हे, तर माझ्याकडे न बघता जेवला, आणि हे त्याला किती अवघड जात होतं ते मला दिसत होतं.

उरली आई. आईला माझी शस्त्रक्रिया मुळातच पटली नव्हती. “चांगलं धडधाकट पोट कापून घेतलंस,” असं ती फोनवर म्हणाली होती, आणि नंतर हा विषय आमच्यात निघाला नाही. पण तिला खरं लागलं होतं ते दुसरंच. शस्त्रक्रियेनंतर मी तिच्याकडे जायचे ते नवऱ्याने तोललेला डबा घेऊन. तिच्या टेबलावर, तिच्या ताटवाट्यांसमोर मी माझं झाकण उघडायचे. ती आपलं जेवण पदार्थागणिक झाकून ठेवायची. एकदा मी निघताना दारात म्हणाली, “माझ्या घरी डबा आणतेस, तसं पाणीपण आणत जा.” ते मला वर्मी लागलं, आणि मग माझं जाणंच कमी झालं. आई आता थकली आहे. अशी किती रविवारची जेवणं आमच्या वाट्याला राहिलीत याचा विचार मी करत नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. तिच्याकडे मी डब्याशिवाय जेवू शकले नाही तर माझी ही सगळी हुशारी काचेच्या खोलीपुरतीच, हे मला स्पष्ट होतं.

त्या रविवारी मी रिकाम्या हाताने गेले. तिने आधी माझ्या पिशवीकडे पाहिलं, मग मुद्दाम आतल्या खोलीत जाऊन आली, परत पाहिलं, आणि काही न विचारता दोन ताटं घेतली. स्वयंपाक नेहमीपेक्षा जास्तच होता, म्हणजे ती आशेवर होती. मी म्हटलं, “आई, थोडं थोडं वाढ, मी मागेन.” तिने थोडंच वाढलं, तिच्या मानाने. आम्ही जेवायला बसलो. खिडकीतून ऊन थेट टेबलावर येत होतं, खालच्या रस्त्यावर कुणीतरी गाडी धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता. मी बोलत नव्हते आणि तीही बोलत नव्हती. तिच्या हातचं इतक्या महिन्यांनी खात होते. चव इतकी ओळखीची होती की मी मध्येच थांबले. चमचा ठेवला, मग पुन्हा खायला लागले. बाबांची खुर्ची आता तिथे नाही, आईने ती केव्हातरी कुणालातरी देऊन टाकली. आणि मग आला. चांगला लांब, निवांत, मुळीच दुःखी नसलेला सुस्कारा. आईचा हात पळीकडे गेला.

“आई, थांब,” मी म्हटलं. “तो दुःखाचा नव्हता.”

“मग कसला?”

“पोट भरल्याचा.”

ती पळी हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. “तुझे बाबा गेल्यापासून टाकतेस तू असे.”

“त्याच्या आधीपासून टाकत असेन. तेव्हा तुझं लक्ष नसेल गेलं.”

“जेवताना तुला त्यांची आठवण यायची म्हणून...”

“जेवताना नाही यायची गं. इतर वेळी यायची. जेवताना मी मजेत असायचे.”

आईने यावर विचार केला. तिचा विचार दिसतो, ओठ थोडे हलतात. “म्हणजे इतकी वर्षं मी तुला भरल्या पोटी वाढत होते?” मी “नाही गं आई” म्हणू शकले असते. पूर्वी म्हटलं असतं, आणि ताट पुढे केलं असतं. मी म्हटलं, “हो.” आणि तिचा हात हातात घेतला, पळीसकट. ती रागावली नाही, रडलीही नाही. माझ्या ताटात उरलेल्या भाताकडे तिने बराच वेळ पाहिलं, परक्या माणसाकडे पाहावं तसं. मग म्हणाली, “खरंच भरलंय? नुसतं डॉक्टरांनी सांगितलं म्हणून नाही ना?”

“डॉक्टर कुठे आहेत इथे? मलाच कळलं.”

“बरं,” ती म्हणाली, आणि माझं ताट स्वतःच्या हाताने बाजूला केलं. माझ्या आईने, माझ्या समोरून, अन्न असलेलं ताट. मग काय करावं ते न सुचून ती आपलं जेवायला लागली, जरा घाईघाईने, मान खाली घालून. मी टेबलावर कोपर टेकून तिला बघत बसले. तिने दोन-तीन घास घेतले, घोटभर पाणी घेतलं, भाताचा एक घास कालवला, आणि तिच्या छातीतून एक लांब सुस्कारा निघाला. मी वाट पाहिली. माझा धंदाच तो आहे, बोलणाऱ्याला आपलं वाक्य पुरं करू द्यायचं. तिचा हात सवयीने पळीकडे गेला, भरलेली पळी तिच्या ताटावर आली आणि तिथेच थांबली. ती तशीच काही वेळ बसून राहिली, दुसरा हात पोटावर, डोकं थोडं कललेलं.

“अगं,” ती म्हणाली, “माझं तर मघाशीच भरलं होतं.” आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जसं काही हे तिला फार पूर्वीच सांगायचं काम माझं होतं.